नव्यावर बोट ठेवण्याआधी

आमच्याकडे एक मोटार आहे. हल्ली हे काही सांगण्यासारखं राहिलेलं नाही. आमच्या गल्लीत आता दाराशी मोटार नाही असं घर शोधावं लागेल. पण आमची मोटार १९६९ सालची आहे. तिचं नाव स्टँडर्ड हेराल्ड. चाळिशीच्या आतल्या वाचकांनी हे नाव ऐकलंही नसेल. साठी ओलांडलेल्यांना मात्र एखादे मामा, एखादे डॉक्टर किंवा एखादे वकील आठवतील, ज्यांच्याकडे ही गाडी होती आणि जे तिच्याविषयी एकाच दमात अभिमानानंही बोलत आणि तक्रारही करत.

साठच्या दशकात आपल्याकडे नवी मोटार घ्यायची म्हणजे मुख्यतः तीन नावं. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची हेराल्ड. इंग्लंडात १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड या नावानं ती बाजारात आली. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंतानं तिचा घाट ठरवला होता. १९६१ पासून ती मद्रासजवळ, स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनू लागली. इंजिन अवघं ९४८ सी.सी.चं. त्या काळच्या अँबॅसडर आणि फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असे, हेराल्डचा खाली जमिनीवर. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती गर्रकन वळते. आणि तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडतं, त्यामुळे इंजिनाचं काम करणारा माणूस खुशाल पुढच्या टायरवर बैठक मारून काम करतो. आमचे मेस्त्री म्हणतात, "बसून काम करायची सोय असलेली ही एकच गाडी."

माझे वडील कोल्हापुरात डॉक्टर होते. त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याच वर्षी जुलै महिन्यात चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे मी बँकेत लागलो तेव्हा वडील म्हणायचे, "सरकारनं बँका घेतल्या आणि मी हेराल्ड घेतली. दोघांनाही सकाळी धक्का मारावा लागतो." वडील जाऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. गाडी मी ठेवली. रविवारी सकाळी तासभर बाहेर काढायची, रंकाळ्याला एक फेरी मारायची, जमलं तर पन्हाळ्यापर्यंत जायचं आणि परत झाकून ठेवायची, असा आमचा शिरस्ता आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, तेव्हा आपल्यासारखे वेडे देशात बरेच असावेत, एवढं समाधान मला मिळालं.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी पन्हाळ्याचा चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग वाढेना. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसं इंजिन ओरडायचं आणि गाडी आपली बैलगाडीच्या चालीनं. शेजारी बसलेल्या सौ.नं नाक मुरडलं. "काहीतरी जळतंय," म्हणाली. क्लच घसरत होता.

क्लच म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

इंजिनाच्या मागे एक जड चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. इंजिन चालू आहे तोवर ते फिरतच असतं. त्याच्या मागे गिअरबॉक्सचा दांडा. हा दांडा गिअरमधून पुढे मागच्या चाकांना जोडलेला. या दोघांच्या मध्ये साधारण फुलक्याएवढी एक चकती असते, तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेलं असतं. ही क्लच प्लेट. तिला मागून स्प्रिंगा असलेली प्रेशर प्लेट दाबून धरते, म्हणून इंजिन आणि चाकं एक होऊन फिरतात. आपण क्लचचं पेडल दाबतो तेव्हा हेराल्डमध्ये वरच्या सिलिंडरमधलं तेल नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये ढकललं जातं. खालच्या सिलिंडरची दांडी एका तरफेला रेटते, तरफ बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटला. पकड सुटते आणि मधली चकती मोकळी होते. पाय हळूहळू उचलला की पकड पुन्हा हळूहळू बसते. एकजण फिरतोय, दुसरा थांबलाय. दोघांपैकी कोणाचंही मोडू न देता त्यांना एका गतीला आणायचं, एवढंच त्या चकतीचं काम. अस्तर झिजलं की तिची पकड सैल होते आणि चढाला क्लच घसरतो.

तर गाडी उद्यमनगरात नेली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराबद्दल मी काही सांगायला नको. एका गल्लीत लोखंड ओततात, दुसऱ्या गल्लीत ते काततात आणि तिसऱ्या गल्लीत, कुठेच मिळत नाही असा पार्ट नमुना दाखवून करून देतात. आमचे मेस्त्री वडिलांच्या काळापासून या गाडीचे डॉक्टर. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हाताला थोडा कंप आहे. ते गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसतात आणि काम त्यांचा मुलगा करतो. मुलगा आयटीआय झालेला, नव्या गाड्यांत तयार. हेराल्डचा क्लच त्यानं आयुष्यात उघडला नव्हता.

हेराल्डचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून काढावा लागतो. पुढच्या सीट काढायच्या, मधल्या बोगद्यावरचं कव्हर काढायचं आणि गिअरबॉक्स उचलून दारातून बाहेर घ्यायचा, मुलाला कडेवर घ्यावं तसा. पोरानं ते सगळं नीट केलं. जुन्या प्लेटला नवं अस्तर लावून आणण्याऐवजी नवीच प्लेट मिळवली, प्रेशर प्लेटही बदलली, बेअरिंग बदललं. "एवढं उघडलंच आहे तर" म्हणून खालच्या सिलिंडरचं रबर किटही नवं घातलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी जोडून झाली. मी बसलो, स्टार्टर मारला, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेलो.

खर्रर्र!

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही. दाढ खरवडल्यासारखा अंगावर काटा येतो. रिव्हर्सला तर गिअर पडायलाच तयार नाही. पेडल पूर्ण दाबलेलं, तरी आतली चकती सुटत नव्हती. आधी क्लच धरत नव्हता, आता सोडत नव्हता. दोन तऱ्हांतली दुसरी तऱ्हा पैसे मोजून घेतल्यासारखं झालं.

गॅरेजमध्ये अशा वेळी माणसं कुठून जमतात कोण जाणे. शेजारच्या लेथवाल्यानं सांगितलं, "प्लेट उलटी बसवली असणार." हे होऊ शकतं. प्लेटच्या मधल्या भागाचा उंचवटा दोन्हीकडे सारखा नसतो. बाजू चुकली तर तो फ्लायव्हीलला घासतो आणि प्लेट मोकळी होत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, "प्लेटच डुप्लिकेट असंल." हेही होऊ शकतं. तिसरा म्हणाला, गिअरबॉक्स बसवताना त्याचं वजन प्लेटवर लोंबकळलं असेल आणि प्लेट वाकली असेल. हे तर अनुभवी माणसांकडूनही होतं. तिन्ही निदानं पुस्तकाबरहुकूम होती. तिन्हींचा अर्थ एकच होता: दोष नव्या प्लेटचा किंवा नव्या पोराचा, आणि गिअरबॉक्स पुन्हा बाहेर काढायचा.

पोराचं तोंड उतरलं होतं. "काका, मी उद्या परत काढतो. मजुरी घेणार नाही," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, की आपण चूक केली. मोठ्या गॅरेजमध्ये न्यायला हवी होती. जुन्या ओळखीपायी नवशिक्याच्या हातात गाडी दिली. मी हे बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असणार, कारण पोरगं माझ्याकडे बघेना.

स्टुलावरून मेस्त्री म्हणाले, "गिअरबॉक्स काढू नगा. आधी गाडीला इचारा."

मग त्यांनी जे केलं त्याला मी चौकशी म्हणेन. बँकेत तीन तपं काढलेल्या माणसाला चौकशी कशी असते ते कळतं, आणि कशी असावी तेही.

पहिला प्रश्न. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. पडले, चारही आणि रिव्हर्सही. म्हणजे गिअरबॉक्स आणि गिअरची दांडी निर्दोष.

दुसरा प्रश्न. इंजिन चालू करा, क्लच दाबा, दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. चकती पूर्ण मोकळी झाली असेल तर दहा आकड्यांत ती थांबते आणि गिअर गुपचूप पडतो. आमचा वाजला. म्हणजे चकती खरोखरच सुटत नव्हती.

तिसरा प्रश्न. आता पेडल एकदा न दाबता, भराभर चार वेळा दाबा आणि पाचव्यांदा दाबून धरा. पोरानं तसं केलं. रिव्हर्स पडला. थोडा कुरकुरला, पण पडला.

मेस्त्रींनी मान हलवली. जमलेल्यांपैकी लेथवाला मुकाट्यानं आपल्या लेथकडे गेला, कारण त्याला कळलं होतं. प्लेट उलटी बसली असती, वाकलेली असती किंवा डुप्लिकेट असती, तर पेडल चार वेळा मारून तिच्यात काही फरक पडला नसता. लोखंड पंप करून सरळ होत नाही. फरक पडतो तो तेलात. तेलात हवा असेल तर पहिल्या दाबाला हवाच दबते, दांडी पुरेशी सरकत नाही.

चौथा प्रश्न मोजमापाचा. बोगद्याचं कव्हर पुन्हा उघडून पोरगं खालच्या सिलिंडरच्या दांडीला पट्टी लावून बसलं आणि मी पेडल दाबलं. एका दाबात दांडी जेमतेम पाव इंच सरकली. चार वेळा मारून दाबल्यावर अर्ध्या इंचाच्या जवळ गेली. चकती सुटायला हवी तेवढी दांडी पुढे जातच नव्हती. नवी प्लेट बिचारी कशी सुटणार? तिला सोडायला कोणी येतच नव्हतं.

आता हवा काढायची. एकजण पेडल दाबतो, दुसरा खालच्या सिलिंडरचा निपल सैल करतो, बुडबुडे तेलाबरोबर बाहेर पडतात, निपल आवळला की पेडल सोडायचं. वरच्या भांड्यातलं तेल आटू द्यायचं नाही, नाहीतर नवी हवा आत जाते. आम्ही हे तीनदा केलं. बुडबुडे येईनात. स्वच्छ तेल येत होतं. आणि पेडल तसंच पोकळ.

मेस्त्री स्टुलावरून उठले. चष्मा पुसला, बॅटरी घेतली आणि आत वाकून खालच्या सिलिंडरकडे बराच वेळ बघत राहिले. मग पोराला विचारलं, "ह्यो काढला तवा असाच हुता?"

"होय आबा. जसा होता तसाच बसवलाय. मी खूण करून ठेवली होती."

निपल खालच्या बाजूला होता. हवा ही वर जाणारी वस्तू. सिलिंडरमध्ये ती वरच्या अंगाला जाऊन बसणार, आणि आम्ही तळातून तेल सोडत होतो. असं वर्षभर सोडलं असतं तरी हवा जागची हलली नसती.

मेस्त्री बाहेर आले आणि मला म्हणाले, "साहेब, ह्यो माझाच हात हाय." पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सिलिंडरची मूळ नळी फुटली होती. तशी मिळेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या गाडीची जरा लांब नळी लावली. ती सायलेन्सरच्या पाइपाला लागायला लागली. म्हणून त्यांनी सिलिंडरच फिरवून बसवला. त्या वेळी हवा त्यांनी सिलिंडर हातात धरून, निपल वर करून काढली होती, आणि मग तो तसाच उलटा अडकवून टाकला. तेव्हापासून तो कोणी उघडलाच नाही, म्हणून चालला. पोरानं किट बदललं, तेलात हवा शिरली, आणि पंधरा वर्षांपूर्वीची तडजोड उघडी पडली.

हे त्यांनी गॅरेजमध्ये, जमलेल्या माणसांसमोर, मुलासमोर आणि गिऱ्हाइकासमोर सांगितलं. आवाज न चढवता आणि न उतरवता सांगितलं. मग मुलाला म्हणाले, "तुजं काम बराबर हाय. नळी बदल आन् ह्यो सुलटा कर."

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातच बेताच्या लांबीची नळी करून मिळाली. निपल वर आला. पहिल्याच खेपेला फसफसून हवा निघाली. गिअर पडला तो इतका अलगद, की पडला की नाही ते मी खाली बघून ठरवलं. नवी प्लेट अजून रुळायची आहे, म्हणून पहिले काही शे किलोमीटर तिला दमानं वागवा, चढाला अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, एवढं पोरानं मला बजावलं. आता तो माझ्याकडे बघून बोलत होता.

गाडीची गोष्ट इथं संपली. पण मी घरी आलो तो अस्वस्थ होऊन, आणि त्याचं कारण १९८९ सालातलं आहे.

त्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत अकाउंटंट होतो. तेव्हा शाखेत संगणक नव्हता. खातेदारांची खाती जाडजूड लेजरांत हातानं लिहिली जात. दर महिन्याला प्रत्येक लेजरमधल्या सगळ्या शिलकांची बेरीज करून ती जनरल लेजरशी जुळवायची, याला आम्ही बॅलन्सिंग म्हणत असू. फरक आला की रात्री उशिरापर्यंत बसायचं. तो शोधण्याच्या काही युक्त्या होत्या आणि त्या मी प्रत्येक नव्या कारकुनाला हौसेनं शिकवत असे. फरकाचा आकडा दोननं भागून बघा. तेवढी रक्कम जमेऐवजी नावे किंवा नावेऐवजी जमा लिहिली गेली असेल. फरक नऊनं भागून बघा. निःशेष भाग गेला तर कुठंतरी शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. ५४ चे ४५ झाले तर फरक ९, ७२ चे २७ झाले तर ४५. फरकाचा आकडाच आपल्याला गुन्हेगाराचा पत्ता सांगतो, असं मी मोठ्या ऐटीत म्हणत असे.

त्या वर्षी शाखेत एक नवा मुलगा कारकून म्हणून आला. तेवीस वर्षांचा, अबोल. त्याला बचत खात्यांचं एक लेजर दिलं. पहिल्याच महिन्यात फरक आला, ३६० रुपयांचा. दुसऱ्या महिन्यातही ३६०. तिसऱ्या महिन्यातही. तो आला आणि फरक आला. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? तो रात्री बसून पानंच्या पानं ताडून बघायचा, त्याच्या हातच्या सगळ्या नोंदी बरोबर निघायच्या आणि फरक तसाच राहायचा. मी त्याला दोन-तीनदा सगळ्यांसमोर बोललो. त्याचा प्रोबेशनचा काळ संपत आला तेव्हा माझ्याकडून अभिप्राय मागवला गेला. मी लिहिलं, "कामात काळजीपूर्वक नाही." त्याचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. मग त्याची बदली झाली.

त्यानंतर काही महिन्यांनी एक म्हातारे शेतकरी वर्षा-सव्वा वर्षानं पासबुक भरायला आले. पासबुकात शेवटची शिल्लक ४,५९० होती. लेजरमध्ये त्यांच्या पानाच्या डोक्यावर पुढे आणलेली शिल्लक होती ४,९५०. फरक ३६०. नवानं भागलं तर चाळीस. जुनं लेजर भरलं म्हणून नवं उघडलं होतं, तेव्हा शिलका जुन्यातून नव्यात उतरवताना पाच आणि नवाची अदलाबदल झाली होती. नवं लेजर ज्या आठवड्यात उघडलं, त्याच आठवड्यात तो मुलगा रुजू झाला होता. एका वेळी दोन गोष्टी नव्या आल्या होत्या. मी एकच पाहिली. आणि शिलका उतरवणारं अक्षर माझं होतं.

मी एक व्हाउचर करून ती चूक दुरुस्त केली. त्याच्या अभिप्रायाबद्दल वर कोणाला काही लिहिलं नाही. एका ओळीचं पत्र पुरलं असतं. पण मेस्त्रींनी सगळ्यांसमोर जे चार शब्द उच्चारले, ते मला बंद केबिनमध्ये कागदावरही लिहिता आले नाहीत. नऊनं भागायची युक्ती मी सगळ्या शाखेला शिकवली होती. त्या ३६० ला मी स्वतः एकदाही नऊनं भागलं नव्हतं. गरजच वाटली नाही. गुन्हेगार आधीच सापडलेला होता.

वाचकहो, हा केवळ गॅरेजचा किंवा बँकेचा प्रश्न नाही. काहीतरी नवं आलं आणि काहीतरी बिघडलं, की आपलं बोट आपोआप नव्याकडे जातं. घरात सून येते आणि त्याच महिन्यात सासूबाईंचा रक्तदाब वाढतो. शाळेत नवे शिक्षक येतात आणि मुलाचे गुण कमी होतात. सोसायटीत नवे बिऱ्हाड येतं आणि पाण्याची टाकी लवकर रिकामी होते. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, एवढ्यावरून एकीनं दुसरी घडवली असं ठरवायला आपल्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. जे जुनं आहे ते इतकी वर्षं चालत आलंय, हेच त्याच्या निर्दोषपणाचं प्रमाणपत्र आपण मानतो. पण जुनं चालत आलं याचा अर्थ ते बरोबर बसवलेलं होतं असा होत नाही. कोणी ते उघडून बघितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पुष्कळ घरांत, कचेऱ्यांत आणि संस्थांत असा एखादा सिलिंडर उलटा बसवलेला असतो. ज्यानं बसवला त्यानं त्या वेळची अडचण निभावण्यासाठी बसवलेला असतो, वाईट हेतूनं नव्हे. नवं माणूस येतं, नेकीनं त्याला हात लावतं, आणि खर्रकन आवाज होतो.

नवं ते नेहमीच निर्दोष असतं, असं मात्र मला मुळीच म्हणायचं नाही. डुप्लिकेट पार्ट बाजारात ढिगानं आहेत. नवशिके चुका करतात, प्लेट खरोखरच उलटी बसते. तसं असतं तर गिअरबॉक्स काढावाच लागला असता आणि मेस्त्रींनीच तो काढायला लावला असता. माझं म्हणणं क्रमाविषयी आहे. आधी न उघडता जे तपासता येतं ते तपासावं. जे मोजता येतं ते मोजावं. जे जे बदललं त्या सगळ्याची यादी करावी, नुसत्या डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूची नव्हे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. आम्ही त्या संध्याकाळी घाईनं गिअरबॉक्स काढला असता, दुसरी प्लेट घातली असती आणि सिलिंडर मात्र तसाच उलटा ठेवला असता, तर खर्च दुप्पट झाला असता आणि आवाज तोच राहिला असता. त्यातही वाईट हे, की उघडताना सिलिंडर हातात आला असता, चुकून हवा निघून गेली असती, गाडी चालू लागली असती, आणि "पहिली प्लेट खराब होती, पोरानं वाट लावली" हे कायमचं सिद्ध होऊन बसलं असतं. चुकीच्या कारणानं बरोबर आलेलं उत्तर फार धोक्याचं. ते कोणी पुन्हा तपासत नाही.

जुने मेस्त्री गेले आणि सगळी विद्या बुडाली, असं रडगाणंही मला गायचं नाही. हल्लीच्या गाड्यांना संगणक जोडला की दुखणं पडद्यावर उमटतं, आणि पुष्कळदा ते बरोबर असतं. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुष्कळ ठिकाणी आता बिघडलेल्या भागाला विचारायचीच पद्धत राहिलेली नाही. अख्खी असेंब्ली काढायची आणि दुसरी घालायची. वेळ वाचतो, हे खरं. पण ही सवय लोखंडापुरती राहत नाही. माणसांच्या बाबतीतही आपण असेंब्ली बदलायला लागलोय. पटलं नाही, काढा. जमलं नाही, दुसरा बघा.

मेस्त्रींच्या गॅरेजमधून आल्यावर दोन दिवस मी विचार करत होतो. मग बँकेच्या निवृत्तांपैकी एकाकडून त्या मुलाचा फोन नंबर मिळवला. मुलगा कसला, तोही आता साठीला टेकलेला. मी नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मी म्हणालो, "तुमच्याशी एक जुनं बोलायचं होतं."

"साहेब, तीनशे साठ ना?" तो म्हणाला.

मला पुढे बोलताच येईना. त्यानंच सांगितलं. बदलीचा हुकूम आल्यावर चार्ज देण्याआधी त्यानं एका रात्री जुनं लेजर रेकॉर्ड रूममधून काढलं होतं आणि एकेक शिल्लक ताडून बघितली होती. त्याला ते पान सापडलं होतं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"अक्षर तुमचं होतं, साहेब," तो म्हणाला. "आणि तुम्ही मला एवढे महिने सांगत होतात, पण एकदाही विचारलं नव्हतं."

मी माफी मागितली. पस्तीस वर्षांनी मागितलेल्या माफीची किंमत काय, ते मला ठाऊक आहे. त्यावर व्याज धरलं तर मी अजून देणेकरीच निघेन. तो बरा बोलला, घरची चौकशी केली, कोल्हापूरला आलो तर गाडी बघायला येईन म्हणाला. तो येईल की नाही, मला माहीत नाही. आला तर त्याला मी हेराल्डमधून रंकाळ्याला नेणार आहे, आणि जाताना वाटेत उद्यमनगरात थांबणार आहे. स्टुलावर बसलेल्या एका माणसाशी त्याची ओळख करून द्यायची आहे.